खांबाला टेकलेले अण्णा

ठाकुर्लीच्या पुलाखाली ढोलांचा सराव सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं थरथरायला लागतात. आई एकेक झाकण दाबून बसवते आणि म्हणते, "आला पाडवा." कॅलेंडरकडे ती नंतर बघते. रस्त्याकडेच्या सावरीची बोंडं तोवर फुटलेली असतात. कापूस कुणालाही न विचारता गॅलरीत शिरतो, दोरीवरच्या ओल्या कपड्यांना चिकटतो, परीक्षेला निघालेल्या मुलांच्या केसांत बसून शाळेपर्यंत जातो. ऊन अजून पूर्ण तापलेलं नसतं, पण त्याची धमकी सकाळपासूनच ऐकू येते.

या दिवसांत माझे तळहात खाजतात. लाठीचे घट्टे वर्षभर लॅपटॉपवर मऊ पडलेले असतात, ते ढोल ऐकले की जागे होतात. यंदा हातांबरोबर आणखी काहीतरी जागं झालं आहे. गेल्या वर्षीचा फाल्गुन माझ्यात अडकून बसला आहे आणि तो नीट सांगता येत नाही. सांगायला गेलं की गोंधळ होतो. गोंधळ लिहायची मला सवय नाही, कारण मी पत्रकांच्या घरात वाढले आणि पत्रकात गोंधळ चालत नाही. पत्रकाला मथळा लागतो, मागणी लागते, खाली सही लागते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एमआयडीसीतल्या रंगाच्या एका कारखान्यात नोकरीला होते. कामावरून आले की हातावरचा निळा रंग घासून काढायचे आणि लिहायला बसायचे. नवसाविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, नाल्यात सोडलेल्या पाण्याविरुद्ध, बुवांविरुद्ध, अणुबॉम्बविरुद्ध, आणि आमच्या गल्लीत ज्यांची नावंही कुणी ऐकली नव्हती अशा देशांतल्या युद्धांविरुद्ध. गुलाबी आणि पिवळा स्वस्तातला कागद. उरलेल्या गठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. इतर मुलांचा क कमळाचा होता, माझा कामगारांचा.

या सगळ्याचा परिणाम म्हणून आमच्या घरात भांडणं तोंडी होत नाहीत. मतभेद झाला की एका पानाचं पत्रक लिहायचं आणि फ्रीजच्या दारावर चुंबकानं लावायचं. समोरच्यानं पत्रकानंच उत्तर द्यायचं. नियम अण्णांनी केलेले: शिवी नाही, निनावी नाही, उत्तर लांबवायचं नाही, आणि जे आपल्याला नक्की माहीत नाही ते लिहायचं नाही. माझं पहिलं पत्रक होतं "दुधी भोपळ्याच्या भाजीविरुद्ध जाहीर निषेध". अण्णांनी संध्याकाळपर्यंत त्याला "भोपळा : दुसरी बाजू" असं उत्तर लावलं होतं. आईनं दोन्ही वाचली आणि भोपळाच केला. आईची पत्रकं फार थोडी आहेत. माझ्या कॉलेजच्या काळात मी आणि अण्णा आरक्षणावरून आठवडाभर फ्रीज लढवत होतो, तेव्हा तिनं मधोमध एक चिठ्ठी लावली: "छापखाना बंद. जेवायला या."

बाहेरच्यांना हे गमतीचं वाटतं. मला तर अण्णा खरे भेटले ते फ्रीजच्या दारावरच. समोरासमोर आम्ही दोघंही अवघडतो. मी नापास झाले तेव्हा, पहिली नोकरी सोडली तेव्हा, मी लग्न इतक्यात करणार नाही म्हणाले तेव्हा, अण्णांना जे काय वाटलं ते मला त्यांच्या तिरक्या अक्षरातून कळलं. तेच आमचं बोलणं होतं.

गेल्या वर्षी फाल्गुनाच्या आसपास ते बोलणं थांबायला लागलं.

लांबच्या एका देशात युद्ध चालू होतं. अण्णा निवृत्त झाल्यापासून मोबाइल शिकले होते, आणि त्या मोबाइलवर त्यांना सगळं दिसायचं. पडलेल्या इमारती. धुळीत राखाडी झालेली मुलं. एक बाई दगड उचलून बाजूला ठेवते आहे, पुन्हा उचलते आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याच युद्धाचा स्कोअर चालायचा. ज्यांना पाण्याच्या टँकरवरून एकमत करता येत नाही ते लोक कुणाची सरहद्द कुठे असावी हे ठासून सांगत होते. एकानं फुटलेल्या शहराच्या फोटोखाली टाळ्यांचं चित्र टाकलं. मी चिडून ग्रुपवर लांबलचक लिहिलं, तर खालून उत्तर आलं, "ताई, लिफ्टचं बघा आधी."

मी अण्णांची वाट बघत होते. आता ते लिहितील, मी टाइप करीन, आम्ही दोघं स्टेशनबाहेर उभे राहून वाटू, लोक घेतील आणि चार पावलांवर टाकतील, आणि तरी बरं वाटेल. अण्णा कागद घेऊन बसायचे. पेनाचं टोपण काढायचे, पुन्हा लावायचे. "झालं का?" मी विचारायचे. "बघतो," म्हणायचे. झोप उडाली होती त्यांची. पहाटे उठून पाहिलं तर खुर्चीत बसलेले असायचे, दिवा न लावता. आई त्यांच्या शेजारी स्टूल ओढून लसूण सोलायची. ती काही विचारायची नाही.

मग मंगळवारी ते ठाण्याला जायला लागले. "लायब्ररीत जातो," म्हणाले. मला बरं वाटलं.

मी तेव्हा रोज संध्याकाळी डोंबिवलीतल्या एका शाळेच्या मैदानावर लाठी फिरवत होते. पाडव्याच्या शोभायात्रेत मुलींचं पथक खेळणार होतं. आम्हाला शिकवायच्या त्या बाईंना सगळे वस्ताद म्हणतात. दिवसा त्या बँकेत काउंटरवर असतात, संध्याकाळी सलवारीवर ओढणी आवळून मैदानात. त्यांचा आवाज असा की शेजारच्या क्लासमधली मुलंही सरळ बसतात. मी लाठी शिकायला गेले ते तत्त्वानं. स्वसंरक्षण, स्त्रीचं शरीर, रस्त्यावरचा हक्क, असं एक पत्रकच घेऊन गेले होते डोक्यात. वस्ताद म्हणाल्या, "ते सगळं बरोबर आहे. आता पाय लांब टाक."

माझी जोडीदार संपदा. ती डोंबिवलीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, राहते ठाण्याला, बाळकुमला. मूळचीच तिथली. एके काळी त्यांची भाताची खाचरं आणि मिठागरं होती, तिथे आता टॉवर आहेत आणि त्यातल्याच एका टॉवरमध्ये हे लोक राहतात. पण गावदेवीचं देऊळ जागेवरच आहे. दोन टॉवरांच्या पार्किंगमध्ये एक कौलारू सभामंडप, लाकडी खांब, आणि समोर वाळत घातलेली सुकट. संपदा मला "ए पत्रकवाली" म्हणते.

जोडीच्या खेळात एक वार डोक्यावर येतो आणि केसांपाशी थांबवायचा असतो. मला तो थांबवता यायचा नाही. मी घाबरून आधीच हात आखडायचे आणि वार लुळा पडायचा.

"काय वारा घालतेस मला?" संपदा ओरडायची. "मार की नीट!"

"लागेल तुला."

"मी बाजूला होईन. तू तुझं बघ."

वस्ताद लांबून म्हणायच्या, "थांबवायचं असेल तर उचलतानाच ठरव. वाटेत ठरवायला गेलीस तर तिचं डोकं तरी फुटेल नाहीतर तुझं मनगट तरी." तेव्हा मला वाटायचं की जगातल्या सगळ्या युद्धखोरांना या मैदानावर आणून उभं करावं. पण खरं सांगायचं तर ज्या दिवशी तो वार पहिल्यांदा पूर्ण जोरात उतरला, संपदाच्या केसांवरची हवा कापली गेली आणि लाठी जागच्या जागी थांबली, त्या दिवशी मला जो आनंद झाला त्यात शांतता वगैरे काही नव्हती. तो सरळ ताकदीचा आनंद होता. घरी येऊन मी त्याचा विचार करत बसले. युद्धाविरुद्ध लिहिणाऱ्या मुलीला मारण्याच्या इतक्या जवळ जाऊन एवढं छान का वाटावं? मला अजून कळलेलं नाही.

धुळवडीला संपदानं बाळकुमला बोलावलं. अण्णा सकाळीच "मित्राकडे जातो" म्हणून बाहेर पडले होते. धुळवडीला ते दरवर्षी दार लावून घरात वाचत बसायचे, म्हणून मला जरा नवल वाटलं, पण मी विचारलं नाही.

संपदाचा मोठा भाऊ नीलेश हिमालयात कुठेतरी महिनाभर राहून आला होता. तिथे कुणीतरी त्याला मशरूम खायला घातली होती, आणि तेव्हापासून तो भाजीवाल्याशीसुद्धा अद्वैतावर बोलत होता. गच्चीवर त्यानं मला गाठलं.

"मी उरलोच नव्हतो गं. झाड, डोंगर, मी, सगळं एकच."

"मग चपला कुणाच्या पायात होत्या?"

"हेच. हाच तुझा अहंकार."

"दादा, अहंकार गेलेला माणूस रोज स्वतःचे फोटो टाकत नाही."

संपदा हसून लोळली. नीलेशदादा मात्र रागावला नाही, ही गोष्ट मला तेव्हा खटकली. पूर्वीचा नीलेशदादा चिडला असता. तो शांतपणे म्हणाला, "तू वाचून विरोध करतेस. मी जाऊन आलो." नशेविरुद्धची पत्रकं मी शाळेत असल्यापासून वाटली आहेत, आणि आजही बाटलीनं उद्ध्वस्त केलेली घरं मला आमच्या दोन गल्ल्यांत दाखवता येतील. तो विरोध खरा आहे. पण 'मी जाऊन आलो' याला ते उत्तर लागू पडत नव्हतं. कुतूहल म्हणा, जिद्द म्हणा, मी त्याच्या मित्रांनी केलेल्या भांगेच्या थंडाईचा पेला घेतला आणि प्यायले.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग देवळापुढचा ढोल पिवळा ऐकू यायला लागला. याहून नीट मला सांगता येत नाही. माझा हात माझ्यापासून लांब गेला, एखाद्या नातेवाइकासारखा, ओळखीचा पण वेगळ्या गावी राहणारा. मला भीती वाटली, आणि भीतीकडे मी बाजूला उभी राहून बघत होते हेही कळलं. डोक्यातून मथळे जायला लागले. जाहीर निषेध, जाहीर सवाल, जागे व्हा. एकेक येत होता आणि कुणी न अडवल्यामुळे निघून जात होता. संपदा मला दंडाला धरून खाली मंडपात घेऊन आली, कारण तिथे सावली होती. मंडपात बायका गोल करून बसल्या होत्या. मधे संपदाची आई, आमच्या काकू. एरवी त्या भाव करताना कोळणीला रडवतात. त्या दिवशी त्यांचे केस मोकळे होते, डोळे मिटलेले, आणि अंगात देवी होती.

"अंगात येते ती देवी की दबलेली वेदना?" हे अण्णांचं जुनं पत्रक मला तोंडपाठ आहे. मी ते मनात म्हणायला गेले आणि दुसऱ्या ओळीवर अडकले, कारण समोरच्या खांबाला टेकून अण्णा बसले होते.

डोळे मिटलेले. चष्मा हातात. पांढऱ्या केसांत गुलाल. आणि चेहरा असा सैल, असा निवांत, की तो मी आजवर पाहिलाच नव्हता. मी जागची हलले नाही. हलले असते तर ते नाहीसे झाले असते असं वाटलं. ढोल वाजत राहिला. मी डोळे मिटले, उघडले. खांबाला कुणीतरी बाई टेकली होती. की तो दुसरा खांब होता?

संध्याकाळी घरी आले तेव्हा अण्णा आंघोळ करून पेपर वाचत होते. मी हात पुसायच्या निमित्तानं त्यांच्या पाठीमागे गेले आणि कानामागे गुलाल आहे का ते पाहिलं. नव्हता. चपला धुतलेल्या होत्या, पण धुळवडीला सगळ्यांच्याच चपला धुतलेल्या असतात. टॉवेल ओला होता, सगळ्यांचाच असतो. पुरावा तपासायला ज्यानं शिकवलं त्याचाच पुरावा मी तपासत होते, आणि साक्षीदार भांग प्यायलेली होती. संपदाला विचारावं तर तिनं अण्णांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"आई, अण्णा कुठे गेले होते?"

"मित्राकडे म्हणाला."

"कुठल्या?"

"मी विचारत नाही. सांगायचं असेल तर सांगेल."

"तुला जाणून घ्यावंसं नाही वाटत?"

आई म्हणाली, "तुमच्या दोघांच्या मधे मला फ्रीज उघडायचा असतो. तेवढं पुरे आहे."

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लावलं. "जाहीर सवाल : बाळकुमच्या देवळात आपण होता काय? असाल तर कशासाठी?" खाली पूर्ण नाव. अण्णांनी ते वाचलं. मी पाहिलं त्यांना वाचताना. चष्मा कपाळावर सरकवला, दूध काढलं, दार लावलं.

उत्तर आलं नाही.

त्या पंधरवड्यात मी जितकी चिडले तितकी कधी चिडले नाही. ते देवळात गेले असतील, याचा राग होताच. ज्या माणसानं मला सांगितलं की भीतीपोटी हात जोडायचे नाहीत, त्यानंच म्हातारपणी गुपचूप मंडप गाठला असेल तर मग माझ्या डोक्यातल्या कागदांचं मी काय करायचं? पण त्याहून खोल भीती वेगळीच होती. फ्रीजवर उत्तर आलं नाही तर आमच्यात बोलायला काय उरतं? रोज सकाळी मी दात घासायच्या आधी फ्रीजकडे जायचे. चुंबकाखाली माझाच कागद. आईनं त्याच्यावर वाण्याची यादी लावली नाही, बाजूला लावली. ती जागा राखून ठेवत होती.

तिकडे मैदानावर दुसरंच सुरू झालं. आमच्या पथकापुढे एक चित्ररथ असणार होता आणि त्यावर पुठ्ठ्याचं भलंमोठं क्षेपणास्त्र. रथ करणाऱ्या काकांचं म्हणणं, मुलींनी त्याच्या मागून लाठी फिरवत घोषणा द्यायच्या. मी भडकले. मैदानाच्या मधोमध उभी राहून म्हणाले की मी नववर्षाच्या स्वागताला येते आहे, कुणाच्या मरणाच्या नाही. काका म्हणाले, "बेटा, संस्कृती म्हणजे नुसती रांगोळी नसते." मी म्हणाले, "नुसता पुठ्ठाही नसते." संपदा कानात म्हणाली, "पत्रकवाली, काठी खाली ठेवून बोल, त्यांना वाटेल मारतेस." वस्तादांनी दोघांकडे पाहिलं. "आमचं पथक ढोलाच्या मागं चालेल. रथ कुठं ठेवायचा तुम्ही बघा. माझ्या मुली मोजून वार थांबवतात, त्यांना घोषणेच्या तालावर थांबवता येणार नाही." विषय संपला. मला वस्तादांचं कारण पूर्ण पटलं नव्हतं. त्यांनी माझ्या तत्त्वासाठी काहीच केलं नव्हतं, खेळासाठी केलं होतं. पण झालं ते मला हवं तसं होतं.

पाडव्याला आम्ही खेळलो. नऊवारी, फेटे, दोन्ही बाजूंनी माणसं, गॅलऱ्यांतून फुलं. माझा वार संपदाच्या केसांपाशी थांबला तेव्हा गर्दीतून जो आवाज आला तो माझ्या छातीत भरला. मला ती गर्दी आवडली. ज्या गर्दीविरुद्ध मी लिहीत आले तिनं मला उचलून धरलं आणि मला ते आवडलं. पुढे कुठेतरी पुठ्ठ्याचं क्षेपणास्त्र हलत होतं. काही मुलं त्याच्यासमोर फोटो काढत होती, नंतर आमच्याबरोबरही काढत होती, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं.

घरी आले तर अण्णा गॅलरीत स्टूल धरून उभे होते आणि आई त्यावर चढून गुढीची गाठ घट्ट करत होती. हे दरवर्षीचं. अण्णांचा तत्त्वाला विरोध असतो आणि स्टुलाला आधार. आई उतरून आत गेली. मी फेटा सोडत होते. पत्रक लिहायचं त्राण नव्हतं, म्हणून असेल, मी तोंडानं विचारलं.

"अण्णा, धुळवडीला तुम्ही बाळकुमला होतात का?"

"तुला दिसलो?"

"माहीत नाही. मी भांग प्यायले होते."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी कोसळणार. ते म्हणाले, "मग साक्ष कच्ची आहे."

"अण्णा!"

"होतो." त्यांनी स्टूल उचलून भिंतीला लावलं. "मंगळवारी पण तिथेच जातो. लायब्ररीत नाही."

"कशाला?"

"पहिल्यांदा गेलो ते लिहायलाच. म्हटलं युद्धावर जमत नाही, तर अंगात येण्यावर पुन्हा एकदा लिहू, पण या वेळी नीट बघून. बाळकुमला मंगळवारी अंगात येतं, हे तुझ्याच बोलण्यात ऐकलं होतं. खांबाला टेकून बसलो. ढोल सुरू झाले. आणि मला झोप लागली."

"झोप?"

"गाढ. किती दिवसांनी गं. एवढ्या गोंगाटात. उठलो तेव्हा कुणीतरी पायावर चादर टाकली होती. मग पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलो. पुन्हा लागली."

मी हसायला लागले आणि मधेच हसू थांबलं, कारण त्यांचे डोळे भरले होते. "घरी का लागत नाही?" मी विचारलं.

"घरी मोबाइल आहे. तिथंही खिशात असतोच की. माहीत नाही. देवीमुळे म्हणावं तर मी मानत नाही. ढोलामुळे म्हणावं तर खालच्या पुलाखाली वाजतायतच रोज, मी टक्क जागा. त्या बायका माझ्याकडे लक्ष देत नाहीत म्हणून असेल."

"मग पत्रकाला हेच उत्तर द्यायचं ना. मी वाट बघत होते."

"उत्तर लांबवायचं नाही हा नियम मोडला, ते खरं," अण्णा म्हणाले. "पण जे आपल्याला माहीत नाही ते लिहायचं नाही, हा मोडता आला नाही. दोन्ही पाळायला बसलो तर वाट नव्हती." मग गुढीकडे बघत, "तू चिडशील असं वाटलं. म्हणून तोंडानं सांगायलाही धीर झाला नाही."

आईनं आतून कडुलिंब-गुळाची वाटी आणली आणि आम्हा दोघांच्या हातावर एकेक गोळी ठेवली. अण्णांनी ती प्रसाद म्हणून कधीच घेतली नाही, आरोग्याला चांगली म्हणून घेतात. त्या दिवशी त्यांनी कारण सांगितलं नाही.

नंतर काकूंना भेटले तेव्हा मी आडून विचारलं. त्या सुक्या वाकट्या साफ करत होत्या. "तुजा बापूस?" त्या म्हणाल्या. "मंगलवारी येतंय, खांबाला टेकतंय नि घोरतंय. देवीला त्याचा काय तरास नाय. तुना हाय का?"

वर्ष गेलं. ते युद्ध अर्धवट थांबलं, दुसरीकडे दुसरं सुरू झालं. अण्णा आता थोडं लिहितात. नाल्यावर एक पत्रक काढलं, चांगलं झालं. देवळावर काही लिहिलेलं नाही. माझा "जाहीर सवाल" आईनं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काढून घडी करून डब्याखाली घातला, झाकण वाजू नये म्हणून. नीलेशदादा पुन्हा चिडायला लागला आहे, म्हणजे डोंगराचा असर उतरला असावा, आणि मला त्याचं उगीच वाईट वाटतं. मी अजूनही बुवांविरुद्ध लिहिते, तितक्याच जोरानं. लिहिताना एखाद्या वाक्यापाशी हात थबकतो. आतापर्यंत पुढे लिहिलंच आहे.

यंदाच्या धुळवडीला मी अण्णांबरोबर बाळकुमला गेले. थंडाईला नाही म्हटलं. नीलेशदादा म्हणाला, "घाबरलीस?" मी म्हटलं, "या वेळी साक्ष पक्की हवी आहे."

अण्णा खांबाला टेकले, चष्मा काढून हातात घेतला, आणि ढोल सुरू झाल्यावर थोड्याच वेळात घोरायला लागले. पाय मंडपात लांब पसरलेले. मी त्यांच्याजवळ बसले. संपदा दुसऱ्या बाजूला. काकूंच्या अंगात आलं. केस सुटले, डोळे मिटले, आणि त्या गोल फिरायला लागल्या. गोल मोठा होत गेला. अण्णांचे पाय नेमके त्यांच्या वाटेत होते. मी पाय ओढायला उठले तर संपदानं माझं मनगट धरलं. "थांब."

काकू फिरत फिरत आल्या. डोळे मिटलेलेच होते. मी त्यांच्या पापण्यांकडेच बघत होते. पाय उचलला गेला, अण्णांच्या नडगीवरून अलगद गेला, पलीकडे जमिनीवर टेकला, आणि काकू फिरत पुढे गेल्या. ढोलाचा एक ठोकाही चुकला नाही. दुपारचं ऊन मंडपात स्वच्छ पडलं होतं. मी पूर्ण शुद्धीवर होते.

अण्णांना जाग आली. "काय झालं? अशी का बघतेस?"

"काकूंचा पाय तुमच्यावर पडता पडता राहिला."

"बघून टाकला असेल त्यांनी."

"डोळे मिटलेले होते."

"किलकिले असतील."

"नव्हते."

"सवयीची जागा आहे त्यांची."

"तुमचे पाय काय सवयीचे आहेत?"

अण्णा चष्मा पुसत राहिले. "तुला नक्की दिसलं?"

"हो."

"मग लिही."

"काय लिहू?" मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता. "सांगा ना. काय लिहू?"

अण्णांनी पाय जवळ घेतले, थोडे सरकले, आणि खांबाची अर्धी बाजू माझ्यासाठी मोकळी केली.